आत्याचा खोकला आणि राहनाळची हवा

हळदीला कोणी साडी नेतं, कोणी मिठाई. मी हवा मोजायचं यंत्र घेऊन निघाले. आईने कपाळावर हात मारला. "अगं, लग्नघर आहे ते, प्रयोगशाळा नव्हे!"

पण कारणच तसं होतं. भिवंडीजवळच्या राहनाळात माझी आत्या राहते. ती धवलारीण, म्हणजे आमच्या आगरी लग्नांत धवले गाऊन विधी पार पाडणारी बाई. तिच्याच नातीची, प्राचीची, हळद तोंडावर आली होती आणि आत्या दिवाळीपासून खोकत होती. सलग एक ओळ गाऊन होईना. "मंडपात रेकॉर्ड लावू," असं घरात कोणीतरी बोललं आणि आत्याने जेवणच सोडलं. हे कळलं तशी मी रजा टाकली; हा खोकला तिथल्या हवेमुळे आहे का, ते मोजूनच बघायचं ठरवलं.

पुण्याहून ठाण्यापर्यंत एसटी, तिथून भिवंडीची शेअर रिक्षा. कशेळीचा पूल ओलांडताना खाडीचा मस्त वारा लागतो, काल्हेर आलं की मग गोडाऊनच गोडाऊन. ट्रकांची रांग लागली तर देवाचं नाव घ्या, त्यामुळे सकाळी लवकर निघा. यंत्र मोबाईलएवढं, डोळ्यांना न दिसणारे बारीक कण मोजतं. पुलावर आकडा सत्तरच्या आसपास होता, गोडाऊनच्या रस्त्याला दीडशेवर गेला. रिक्षात शेजारी बसलेले काका डोकावले. "मीटर हाय काय? रिक्षावाल्याला दाखवू नका, तोपन भाडं वाढवील!"

दारात आतेभाऊ हरीश उभा. "बघ, खिडक्या कशा पॅक केल्यात! धुलीचा कन आत येनार न्हाय." गोडाऊनमधल्या खाकी पॅकिंग टेपने त्याने आत्याच्या खोलीची फट न् फट बुजवली होती. आत्याला कुरिअरने पाठवायची तयारी वाटावी अशी!

"आलीस गो बाय? मना गुंडालून ठेवलाय बघ," आत्या म्हणाली आणि खोकतच बसली.

हरीशचा संशय ट्रकांवर, तर त्याच्या बायकोचा, दर्शनावहिनीचा, भिवंडीतल्या नारपोलीच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागांवर. म्हणून दुसऱ्या दिवशी हरीशच्या स्कूटरवरून नारपोलीला, त्याचा मित्र इक्बालभाई याच्या कारखान्यात. तिथे बोलायचं म्हणजे ओरडायचं. शिफ्ट बदलताना कॉम्प्रेसरच्या हवेने लूमवरचा कापूस उडवतात. आकडा जो पळत सुटला! माझ्या भुवया पांढऱ्याफेक झाल्या. इक्बालभाईने समोरासमोरची दारं उघडली. "अब देखो!" चहा होईस्तोवर आकडा निम्म्याखाली आला. कामगारांना निदान मास्क तरी द्या, असं मी त्याला ओरडूनच सांगितलं. "देता हूँ, पहनता कौन है?" तोही ओरडला. बाजूच्या हॉटेलात खिमा-पाव हाणला. स्वस्त आणि झणझणीत, चुकवू नका.

पण डोक्यात ती उघडी दारं राहिली. संध्याकाळी घरी येऊन यंत्र दाराबाहेरच्या ओट्यावर ठेवलं, आकडा शंभराच्या जवळ. आत्याच्या खोलीत नेलं, तर चारशे! मला वाटलं, यंत्र बिघडलं. बाहेर आणलं, उतरला. आत नेलं, पुन्हा चढला.

"हरीश, हे बाहेरून येत नाहीये रे. आतच तयार होतंय."

वास कसला येतोय म्हणून खाटेखाली वाकले. घमेल्यात निखारे, त्यावर ओवा आणि लसणाची सालं. खोकल्यावर ओव्याची धुरी! दर्शनावहिनी रोज तिन्हीसांजेला न चुकता देत होती, आणि टेप मारल्यावर धूर जाणार कुठे? खोकला वाढला की धुरी वाढायची, धुरी वाढली की खोकला.

वहिनीचा चेहरा उतरला. "म्हंजे मीच त्यांना..." तिचे डोळे भरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत्याने तिला जवळ ओढलं. "रडतेस कनाला? जीव लावलास म्हनून धुरी दिलीस. आता तोच जीव लावून ती टेप फाड!"

मग काय, आम्ही सगळ्याजणी तुटून पडलो. टर्रर्र! टेपबरोबर भिंतीचा रंगही निघाला. "आगो, लग्नाचा ताजा रंग हाय त्यो!" हरीश ओरडतोय, पण ऐकतंय कोण? त्या दिवसापासून धुरी बंद, खाडीकडची खिडकी उघडी, रस्त्याकडची ट्रकांच्या वेळेला बंद. डॉक्टरांचं औषध चालूच होतं, आता ते लागू पडू लागलं.

हळदीच्या दिवशी आत्या हिरवं लुगडं नेसून मंडपात बसली आणि गायला लागली. अर्ध्यावर आवाज अडकला. वहिनीने पाण्याचा तांब्या पुढे केला. आत्याने घोटभर पाणी प्यायलं, वहिनीचा हात घट्ट धरला आणि धवला शेवटपर्यंत गायला. मी हुंदके देऊन रडले, लाज कसली त्यात!

आता पुण्यात घरी आहे. इथे मोजलं तर आमच्या फोडणीचा आकडा राहनाळच्या रस्त्याला मागे टाकतो, त्यामुळे हल्ली आधी खिडकी, मग कढई. भिवंडीची हवा चांगली आहे असं मी म्हणणार नाही, नाहीच आहे. पण मी तिथून हसत आले. काल आत्याला फोन लावला. म्हटलं, खोकला कसा आहे?

"बाय, मंग बोल. पूर्ना गावात हळदीला गायाला चाललेय, गाडी दारात उभी हाय!"

आणि फोन ठेवूनसुद्धा दिला. कोणी फोन आपटल्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.