अर्धा सूर खाली

आमच्या दादाला धंद्यात सगळे 'भेसळ' म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तोही ओ देई. हे नाव त्याला नाटक कंपनीच्या बँडमास्तरनं दिलं होतं आणि खरं सांगायचं तर ते चुकीचं नव्हतं. लग्न-मयतीच्या बँडमधून तो सर्कशीत गेला, सर्कशीतून हॉटेलातल्या नाचाच्या हॉलमध्ये, तिथून नाटकात आणि मग साबणाच्या नि दंतमंजनाच्या जाहिरातींत. क्लॅरिनेट, अकॉर्डियन, व्हायोलिन, ढोल, पियानो, जे हाती पडेल ते महिन्याभरात त्याच्याशी बोलायला लागे. पण एका ठिकाणचं दुसऱ्या ठिकाणी घुसडल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. नाचाच्या हॉलमध्ये मयतीची चाल वाजवणाऱ्याला कोण ठेवून घेणार? एका म्हाताऱ्याच्या अंत्ययात्रेत तर त्यानं सर्कशीतला ढोल वाजवला, झुल्यावरून माणूस उडी मारतो तेव्हाचा. म्हाताऱ्याचे मुलगे मारायला धावले. "अरे, त्यांनी तरी दुसरं काय केलंय? उडीच मारलीय ना!" असं वर यानंच त्यांना विचारलं.

असल्या माणसाशी लग्न कोण करणार? माझंही राहूनच गेलं. दोन खोल्यांत आम्ही दोघं भावंडं म्हातारी झालो. एका खोलीत त्याची वाद्यं, दुसरीत माझं टेबल.

माझं काम नकला काढण्याचं. संगीतकार सगळ्या वाद्यांचं एकत्र, पेन्सिलनं, बहुतेक वेळा गिचमिड लिहितो. त्यातून प्रत्येक वादकाची ओळ वेगळ्या कागदावर शाईनं उतरवायची. तीस वर्षं मी हेच केलं. या कामात एक रीत आहे. संगीतकाराची चूक दिसली की गुपचूप दुरुस्त करायची आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. संगीतकारालाही ते कळतं, तोही बोलत नाही. भल्याभल्यांच्या चुका मी अशा पोटात घातल्यात. त्याचा मला गर्व होता. गर्वच म्हणायचा त्याला, दुसरा शब्द नाही.

दादा बावन्न वर्षांचा असताना त्यानं स्वतःचं एक लिहायला घेतलं. साबणासाठी नाही, नाटकासाठी नाही. अकरा वर्षं लागली. चाळीस मिनिटांचं, तेवीस वादकांचं. सर्कस, नाच, मयत, सगळं त्यात होतं. ते घेऊन त्यानं किती उंबरठे झिजवले ते मी पाहिलंय. शेवटी रेडिओचा वाद्यवृंद एकदा वाजवायला तयार झाला.

"एकदाच होऊ दे गं," तो मला म्हणाला. "पण माझ्या डोक्याबाहेर एकदा ऐकू दे. मग मेलो तरी चालेल."

पेन्सिलची पानं माझ्या टेबलावर आली. वाद्यवृंदाच्या मास्तरसाठी मोठी प्रतही मीच काढणार होते. दोन भाग सरळ उतरले. तिसऱ्यात दोन क्लॅरिनेट एकच चाल वाजवत होते आणि दुसरा पहिल्यापेक्षा अर्धा सूर खाली होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

क्लॅरिनेट दोन मापांचे असतात. लांबीत फरक थोडाच, आवाजात अर्ध्या सुराचा. आपण कुठल्या मापासाठी लिहितोय हे विसरलं की सगळी ओळ अर्धा सूर सरकते. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी चूक. त्यात दादाचा डावा कान सर्कशीच्या तोफेनं घालवलेला, आणि त्या वर्षी मला त्याला दोन-दोनदा हाक मारावी लागे. मी म्हटलं, गेला बिचाऱ्याचा उजवाही. त्याला विचारायचं, म्हणजे त्याला ते सांगायचं. मी विचारलं नाही. भावाची लाज राखायची म्हणून एकशे बारा जागा मी दुरुस्त केल्या.

तालमीला तो तापानं अंथरुणात होता. कार्यक्रमाला मात्र इस्त्रीचा कोट घालून तिसऱ्या रांगेत बसला, उजवा कान पुढे करून. पहिले दोन भाग झाले. गुडघ्यावर त्याची बोटं सगळी वाद्यं वाजवत होती. मग तो माझ्याकडे वाकला.

"आता ऐक. आईला नेलं तेव्हाचा बँड. तू कडेवर होतीस, तुला नाही आठवणार. फुकट वाजवायला आलेले दोघं होते, दोघांकडे दोन मापांचे क्लॅरिनेट आणि कागद एकच. सबंध रस्ताभर ते असं भांडत होते ना! माझ्यासाठी आई म्हणजे तो आवाज."

वर क्लॅरिनेट सुरू झाले. एका सुरात, गोड, साजूक. दादाची बोटं थांबली. त्यानं कान आणखी पुढे केला, मग कानावर तळवा धरला, मग मान खाली घातली.

टाळ्या खूप झाल्या. मास्तरनं त्याला मिठी मारली, "काय भेसळराव, तिसरा भाग म्हणजे अगदी शुद्ध माल!" दादा हसला. फाटकाबाहेर आल्यावर त्यानं माझा दंड धरला.

"खरं सांग. ते दोघं एका सुरात वाजवत होते, की माझाच कान गेला?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं होतं. पण अकरा वर्षं आणि एकच कार्यक्रम, आणि तो मी नासवला, हे त्या तोंडातून निघेना.

"तू लिहिलंस तसंच वाजलं, दादा."

"अस्सं," तो म्हणाला. थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाला, "अस्सं."

दुसऱ्या दिवशी त्यानं पियानोवर फडकं टाकलं. महिन्याभरात व्हायोलिन गेलं, अकॉर्डियन गेला, शेवटी क्लॅरिनेटही. ज्याला अर्धा सूर कळत नाही त्यानं वाद्याला हात लावू नये, म्हणे. मी म्हटलं, राहू दे रे एखादं. तो खिडकीशी बसून राहू लागला. हाकेला आता खरंच ओ देईना.

सहा महिन्यांनी मी हट्टानं त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं यंत्र लावलं, बारीक-बारीक आवाज ऐकवले, दादानं प्रत्येकाला बोट वर केलं.

"आजोबा, डावा गेलाय," डॉक्टर म्हणाला, "पण उजवा ठणठणीत आहे. तरुणाला लाजवेल असा. बारकासा फरकही ओळखताय की तुम्ही."

मी त्याचा कोट हातात घेऊन उभी होते. दादानं डॉक्टरकडे कीव येऊन पाहिलं.

"तुमचं यंत्र बिघडलंय, डॉक्टर," तो म्हणाला. "त्या दिवशी माझी बहीण शेजारी होती. तिनं ती पानं स्वतःच्या हातानं उतरवलीत. ती कशाला खोटं बोलेल?"