गुरुजींनी लिहिलेली तारीख

पूर्व लंडनमध्ये, इल्फर्डला आमच्या रस्त्यावर शांताबाई गजभिये राहतात. वय त्र्याहत्तर, निदान पासपोर्टवर तरी. मी तीन घरं सोडून राहते आणि त्यांना मावशी म्हणते. सव्वीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धुतल्या. तिथले सुपरवायझर त्यांना वचकून असत, आणि बसमध्ये काहीबाही बोलणाऱ्या एका माणसाला त्यांनी छत्री दाखवून पुढच्याच स्टॉपवर उतरायला लावलं होतं. त्यामुळे मार्चमध्ये त्या दोन रविवार विहारात दिसल्या नाहीत तेव्हा मला वाटलं, सर्दी झाली असेल.

डबा घेऊन गेले तर दाराला आतून साखळी. मी माझं नाव दोनदा सांगितलं तेव्हा ती निघाली. भर दुपारी पडदे ओढलेले, हीटिंग बंद. मावशींचे यजमान काशीनाथकाका कोट घालून सोफ्यावर, आणि त्यांची विधवा भावजय लीलावती शाल लपेटून शेजारी. मावशींनी फोन माझ्यापुढे धरला. तिघांचीही खाती बँकेने थांबवली होती, पेन्शन आत अडकली होती, आणि कारण सांगता येत नाही असं त्या मेसेजमध्ये अगदी गोड भाषेत लिहिलं होतं.

इथे मला माझी चूक कबूल केलीच पाहिजे. आमच्या बँकेची शाखा बंद झाली, तिथे आता कॉफी मिळते. तेव्हा या तिघांना ॲपवर नेण्याचं शहाणपण माझंच. घरात स्मार्टफोन एकच, काकांचा. मी तिघांची खाती एका दुपारी त्या एकाच फोनवरून उघडली. आडनाव एक, पत्ता एक, नंबर एक. आणि जन्मतारीख तिघांची एक जून, साल तेवढं वेगळं. आपल्याकडे त्या पिढीत घरटी एखादा तरी एक जूनचा निघतोच, जूनमध्ये शाळा उघडायची आणि गुरुजी वय बसेल अशी तारीख टाकून मोकळे व्हायचे. मला त्यात वावगं काहीच दिसलं नाही. बँकेच्या मशीनला मात्र एकच लबाड माणूस तीन मुखवटे घालून आलेला दिसला.

मी म्हटलं, त्यात काय, तक्रार करू. युरोपातून बाहेर पडताना या देशाने बरंच काही मागे टाकलं, पण मशीनने घेतलेला निर्णय माणसाने पुन्हा तपासावा असं मागण्याचा हक्क सामानात राहून गेला आहे. शिवाय आठ आठवड्यांत बँकेने तड लावली नाही तर ओम्बड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लवादाकडे जाता येतं, तेही फुकट. मी तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला. आधी बँकेच्या चॅटवर एका रोबोने मला तीनदा सांगितलं की तो माझी भावना समजू शकतो. माझं डोकंच फिरलं. तासाभराने एकदाचा फॉर्म मिळाला, तो मी घरी जाऊन छापून आणला. शेवटी एकच ओळ होती: वरील सर्व माहिती खरी आहे. खाली सही.

मावशींनी पेन खाली ठेवलं.

"ती तारीख खोटी आहे, मीनल," त्या म्हणाल्या. "आई म्हणायची मी हुरड्याच्या दिवसांतली. जूनमध्ये कुठला हुरडा? पासपोर्टवर खोटी, पेन्शनला खोटी, होम ऑफिसला नागरिकत्वाच्या कागदावर खोटी. आता यांनी एक चेक केलं की सगळं चेक करतील."

तेव्हा मला कळलं की प्रश्न पेन्शनचा राहिलाच नव्हता. पन्नास वर्षं या देशात राहून ही बाई साखळी लावून कोणीतरी न्यायला येईल याची वाट बघत होती. पासपोर्ट त्यांनी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला होता. विहारात का येत नाही, तेही मावशींनी मग सांगितलं. दर रविवारी पंचशील घ्यायचं, त्यात खोटं बोलणार नाही म्हणायचं, आणि घरी येऊन या कागदावर सही करायची, हे त्यांच्याने होईना. मी वकिलासारखं पुष्कळ समजावलं. पण खरं सांगायचं तर मीही घाबरले होते. या देशात कागदांवरून माणसं कशी उचलली जातात ते आम्ही सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं आहे, आणि या तिघांना तपासाच्या तोंडी मीच दिलं होतं.

शेवटी सहीशिवायच तक्रार पाठवली आणि माणसाने फोन करावा असं लिहिलं. सहा आठवडे कोणी फिरकलं नाही. त्या काळात मावशी दारावरची बेल वाजली की स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहायच्या. पोस्टमनलासुद्धा लीलावतीच सामोरी जायची. मावशींचे ब्लाउज ढगळ झाले. किराणा मी आणून टाकत होते, त्याचा हिशेब त्या मागत आणि मी देत नसे, यावरून आमचं भांडणही झालं.

फोन आला तो सातव्या आठवड्यात, सकाळी. मी स्पीकरवर टाकला. बँकेच्या बाईचा आवाज तरुण होता, चांगला होता. तिने नाव विचारलं, पत्ता विचारला. मग जन्मतारीख विचारली.

काका कोटाचं बटण लावत-काढत बसले. मी ओठांनी "जून, जून" म्हणत होते, आणि मावशी माझ्याकडे बघतच नव्हत्या. मग त्या त्यांच्या लाँड्रीतल्या इंग्रजीत सावकाश म्हणाल्या की एक जून ही तारीख गुरुजींनी लिहिली, खरी कोणी लिहून ठेवली नाही, आणि त्यांना ती माहीत नाही.

संपलं, असं मला वाटलं. पलीकडे टाइप केल्याचा आवाज येत राहिला.

"मिसेस गजभिये," ती बाई म्हणाली, "तुमचा जन्म कधी झाला ते आम्हाला नकोय. पासपोर्टवर काय आहे, एवढंच हवंय."

मावशींनी एक जून सांगितलं. तिने थँक यू म्हटलं. दोन दिवसांत तिन्ही खाती सुरू झाली, माफीचं पत्र आलं, त्रासाबद्दल पंचाहत्तर पौंडसुद्धा आले. मी पेढे वाटायच्या बेतात होते. मावशींनी पासपोर्ट काही डब्यातून काढला नाही.

मग एक जून उजाडला. सकाळी आठला माझी बेल वाजली. दारात मावशी, घरच्या सपाता, केस न विंचरलेले, आणि काकांचा फोन अंगापासून लांब धरलेला. सकाळपासून तीनदा वाजला म्हणाल्या, बँकेचाच आहे, आता तिघांची नावं घेतायत. मी वाचलं. स्क्रीनवर रंगीत फुगे उडत होते आणि खाली वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. मी त्यांना ते मराठीत सांगितलं. त्या पायरीवरच बसल्या. मग त्या फुग्यांवर बोट ठेवलं.

"मीनल," त्यांनी हळूच विचारलं, "याच्याखाली सही करावी लागते का गं?"