खोलीले थंडी वाजते का?

अन्याय देवरावकाकांवर झाला. गेल्या पौषात, भोगीच्या सकाळी, चहा झाल्यावर आणि पोहे येण्याआधी. कोराडी रस्त्यावरच्या एका वृद्धाश्रमातल्या सात नंबरच्या खोलीत व्यवस्थापक आले, काकांच्या गादीवरची विजेवर तापणारी चादर त्यांनी गुंडाळली आणि ऑफिसच्या कपाटात कोंबली. कपाटाला कुलूप लावलं.

काका वीज खात्यातले निवृत्त मीटर रीडर. गुडघे संधिवाताने गेलेले. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी ते चादरीचं बटण दाबत आणि अर्धा तास व्हरांड्यात बसत. मग येऊन गादीत कोपरापर्यंत हात घालून पाहत. बटण बंद, प्लग भिंतीतून बाहेर, आणि त्यानंतरच पाय आत. "चालू चादरीवर झोपते तो गाढव," असं ते शेजारच्या खाटेला रोज सांगत.

त्याच्या काही आठवडे आधी मी तिथे पहिल्यांदा गेले ती आमच्या गटाची, वृद्धांच्या हक्कांची पत्रकं वाटायला. काकांनी पत्रक उलटून पाहिलं. "मागून कोरं हाये. बडीशेपेच्या पुडीले कामी येईन."

मी चिडले. "काका, इथे एकही खोली गरम नाही आणि तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"काहून वं, खोलीले थंडी वाजते का? थंडी मले वाजते. तू खोली तापवशील तं पहिले छत तापन, मंग भिंती तापतीन, भिंतीवरची पाल तापन. माहा नंबर शेवटी."

मग मला व्हरांड्यातल्या मीटरपाशी नेलं. ऑफिसात व्यवस्थापकांचा हीटर चालू होता आणि मीटरचा लाल दिवा डोळा फडफडावा तसा लवत होता; वीज जास्त ओढली की तो जलद लवतो. "पाय, ताप चढला त्याले." व्यवस्थापक हीटर बंद करून बाजारात गेले, तेव्हा काकांनी आपली चादर लावली आणि मला पुन्हा तिथेच उभं केलं. दिवा लवला, थांबला, बराच वेळ विचार करून पुन्हा लवला. "आता नाडी बरी हाये," काका म्हणाले. थोड्या विजेत माणूस गरम होतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

आणि तरीही पुढच्या पत्रकावर मी लिहिलं: 'वृद्धांना हीटर मिळालाच पाहिजे!' हीटर घोषणेत बसतो, चादर बसत नाही.

"माही चादर लिहिली का?" काकांनी विचारलं.

"तत्त्व एकच आहे, काका."

"तत्त्व पांघरून झोपू का मी?"

आम्ही कार्यकर्ते फाटकासमोर धरणं धरून बसलो आणि चार दिवसांत विश्वस्त नमले. प्रार्थनेच्या हॉलमध्ये एक मोठा हीटर आला, संध्याकाळी दोन तास चालणारा. आम्ही पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी भोगी. फलकावर सूचना लागली की सामुदायिक हीटरची सोय झाल्यामुळे खोल्यांत तापवायची साधनं ठेवता येणार नाहीत. तिच्याखाली माझं पत्रक डकवलेलं होतं.

"तुमचीच मागणी होती ना, ताई?" व्यवस्थापक म्हणाले.

काका ऑफिसच्या दारात काठी टेकून उभे होते. "साहेब, मिस्त्री बोलवा. वायर तपासा, प्लग तपासा. खराब निघाली तं मीच फेकतो."

"नियम सगळ्यांना सारखा."

व्यवस्थापकांची भीती आगीची होती, ती मी खोटी म्हणत नाही. पण मिस्त्री काही त्यांनी बोलावला नाही.

आश्रमाचा आणखी एक नियम आहे: ज्याला स्वतः उठून संडासात जाता येत नाही, त्याला तिथे राहता येत नाही. काकांना हा नियम पाठ होता. चादर तेवढ्यासाठीच होती. रात्रभर गार गादीवर आखडलेले गुडघे सकाळी वळत नसत. पौष संपायच्या आत एका आठवड्यात तीन सकाळी दोघांनी धरून त्यांना उठवावं लागलं. मग नियम लागू झाला आणि खाप्याहून पुतणी त्यांना न्यायला गाडी घेऊन आली.

"ती चांगली हाये गा," ते शेजारच्या खाटेला म्हणाले. "पण तिथं मी पाहुणा. इथं माही खाट होती."

निघताना व्यवस्थापकांनी चादर परत दिली. नीट घडी घालून. काकांनी ती मांडीवर घेतली आणि गाडीच्या काचेतून मला विचारलं, "आता काय लिहून राहिली वं?"

"चादरीचं."

"मंग पहिले वाचून दाखव."

या वेळी विश्वस्तांना द्यायचा अर्ज मी आधी फोनवर वाचून दाखवला. त्यांनी दोन घोषणा आणि माझी तीन विशेषणं कापायला लावली. उरलं ते एवढंच: मिस्त्रीने तपासलेली चादर खोलीत चालू द्या, झोपण्याआधी अर्धा तास, आणि देवरावकाकांना सात नंबरची खाट परत द्या. ती खाट अजून रिकामी आहे.

या अर्जावर सही करा. पण त्याआधी आज संध्याकाळी तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या गादीत कोपरापर्यंत हात घालून पाहा.