दगडाचं बारसं

माझी नात अमेरिकेत पहिलीत आहे. शाळेनं तिला सांगितलं, तुझ्या जन्माच्या वर्षी अमेरिकेत काय घडलं, कोण जन्मलं, ते मोठ्या कागदावर लिहून आण. मुलगा मला फोनवर तो कागद दाखवत होता. महामारी, बंद शाळा, जंगलातल्या आगी, निवडणूक. खाली जन्मांच्या रांगेत नातीचा फोटो.

मी म्हटलं, "बारसंही लिहा. इथं जयपूरला केलं होतं."

त्या वर्षी विमानं बंद होती. आम्ही दोघांनीच बारसं केलं. बाळाआधी वरवंटा पाळण्यात घालतात. बाळ नव्हतंच, मग साडीची झोळी बांधून नुसता वरवंटा निजवला. आत्या नव्हती, म्हणून ह्यांनीच वाकून त्याला नाव सांगितलं. शेजारीण जाळीतून बघत होती.

"माताजी, पत्थर को झुला रहे हो?"

हे म्हणाले, "रोता नहीं है, भाभीजी. अच्छा बच्चा है."

नोव्हेंबरात हे गेले, त्याच रोगानं. मुलगा येऊ शकला नाही.

नातीच्या जन्माच्या महिन्याचं कॅलेंडरचं पान मी ठेवलंय. दहा तारखेच्या चौकोनात ह्यांच्या अक्षरात 'नात झाली' असं आहे. ह्यांचं लिहिलेलं माझ्याकडे तेवढंच उरलंय. कागदावर त्याचा फोटो तरी लागावा, म्हणून मी पान फोनसमोर धरलं.

नात इंग्रजीत काहीतरी बोलली. मुलगा हसला.

"आई, ती म्हणते, आजीला माझा वाढदिवसच माहीत नाही. ती नऊ तारखेची आहे गं. तुमच्याकडे तेव्हा दहा लागली होती."

दरवर्षी मी दहाच्या संध्याकाळी फोन करत आले. कुणी सांगितलं नाही.

"मग नऊ लिहा. पण लिहा."

"अगं, अमेरिकेत घडलेलंच लिहायचंय. आणि दगडाचं बारसं, मतलब, टीचरला काय समजावणार?"

"आजोबा तरी लिहा. त्याच वर्षी गेले."

"आई, ते इथं नव्हते ना."

मी बरं म्हटलं. नातीनं हात हलवला, फोन बंद झाला.

पान घडी करून पेटीत ठेवलं. दहाचा आकडा खोडला नाही. मी गेल्यावर ते रद्दीत जाईल, आणि रद्दीवाला काही तारीख बघत नाही.