डावीकडची काळी पट्टी

सोपान पेंटर पितो, ही बातमी विश्रामबागेत मीच सोडली. सोडली म्हणजे काय, जे बघितलं ते सांगितलं. भर दुपारी माणूस स्वतःच्या दाराच्या चौकटीला डावा खांदा हाणतो, अंगणातली रंगाची बादली रोज त्याच डाव्या पायानं लवंडतो, आणि डावीकडून माझी सायकल आली तर ओळखसुद्धा देत नाही. आमच्या गल्लीत याला दुसरं नाव नाही.

"गड्या, सकाळी सकाळीच?" मी मधल्या भिंतीवरून विचारायचो.

"तुला ठेवलीय की थोडी, ये," असं म्हणून तो हसायचा. त्याची बायको मुक्ताबाई मात्र हसायची नाही. ती बादली उचलून उजवीकडं ठेवायची.

हा सोपान म्हणजे साधा माणूस नव्हे. तासगाव रस्त्यावरच्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या. एप्रिलातल्या जयंतीची कमान तीस वर्षं त्यानंच रंगवली. अक्षरं आधी काढून घ्यायचा आणि शिरोरेघ सगळ्यात शेवटी, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत एका दमात. दोरी नाही, पट्टी नाही. लोक खाली उभं राहून श्वास धरायचे.

अठ्ठ्याण्णव साली पाट्या कॉम्प्युटरवर व्हायला लागल्या, तशी त्याची पोरगी आम्रपाली हुशारीनं एक जुना कॉम्प्युटर घरी घेऊन आली. अक्षराचा नमुना त्याच्यावर करायचा आणि बाबांनी तो भिंतीवर मोठा रंगवायचा, असा तिचा बेत. पहिल्या दिवशी फुकट तमाशा बघायला मी हजर होतोच.

तिनं बटण दाबलं. पडदा काळा, मग निळं आभाळ आणि पांढरे ढग. पण ते आभाळ मधोमध आक्रसलेलं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या.

"पडद्यालापण चढलीय की रं!" मी म्हणालो.

"काका, गप बसा हो," आम्रपाली म्हणाली. "चालू होताना त्याचं रिझोल्यूशन वेगळं असतं. चित्राचे ठिपके कमी असतात, म्हणून ते असं आखडून बसतं. आत्ता आठशे-सहाशे झालं की भरेल बघा."

आणि खरंच, ढग गेले, कामाचा पडदा आला तो काठोकाठ. निदान मला तरी काठोकाठ दिसला. सोपान काचेला नाक लावून बसला होता. तो म्हणाला, "डावीकडची पट्टी तेवढी ऱ्हायली गं."

"ती सुरवातीची, बाबा. ती तर गेली."

"न्हाई गेली."

पोरगी जिद्दी. बापाच्या डोळ्याला पट्ट्या खुपतात म्हटल्यावर तिनं यंत्र बंद करून पुन्हा लावलं. ढग आले तसं पडद्याखालचं चाक फिरवलं. ढग जरा रुंद झाले आणि निघून गेले. पुन्हा बंद, पुन्हा चालू. चौथ्या खेपेला निळं आभाळ दोन्हीकडं पडद्याच्या चौकटीला जाऊन टेकलं. काळं म्हणून कुठं उरलं नाही.

"आता?" तिनं विचारलं.

"उजवी गेली बघ. झ्याक," सोपान म्हणाला. "डावी हाय तशीच हाय."

मी पुन्हा चेष्टा करणार, तेवढ्यात मुक्ताबाईकडं नजर गेली. ती पडद्याकडं बघतच नव्हती. तिनं आपला हात नवऱ्याच्या डाव्या कानाजवळ धरून हळूच हलवला. एकदा, दोनदा. सोपान ढगांकडं बघत राहिला.

मिरजेच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली थेंबांवर राखायची. आणि एक गोष्ट बजावून सांगितली, उंचावर चढायचं नाही.

पंधराच दिवसांनी सोपान मधल्या भिंतीशी आला. तासगावचा बेदाण्याचा व्यापारी मानसिंग, त्याच्या नव्या शेडवर पुरुषभर उंचीची अक्षरं काढायची होती. जमिनीपासून तीस फूट.

"सोपान, डॉक्टर काय म्हणालेत?"

"आम्रपालीला सांगितलंय, खालनं नमुना दाखवणार, पोरं रंगवणार म्हणून." मग खाली बघत म्हणाला, "जोतीराम, तू माझ्या नावानं काय सांगत फिरतोस, ते ठावं हाय मला."

मी चपापलो. "आरं, ते आपलं गमतीनं..."

"तसंच सांगत ऱ्हा. पिणाऱ्या पेंटरला काम मिळतं रं. आंधळ्याला कोण देतंय?"

कामाच्या दिवशी मी सोबतीला गेलो. शेडसमोर मानसिंगनं मला विचारलंच, "आवं, तुमचा पेंटर घेतो म्हणं?"

आयुष्यभर या जिभेनं लोकांना हसवलं. त्या दिवशी तिनं जाणूनबुजून खोटं सांगितलं. म्हणालो, "घेतो की. पण ब्रश हातात आला की शुद्धीवर असतो."

मानसिंग हसला. सोपान परांचीवर चढला.

अक्षरं सुरेख उतरली, खोटं कशाला बोलू. मी खालून बोलत होतो, "डबा डाव्या हाताला, वीतभर खाली!" एकदा त्याचा हात डब्याच्या अलीकडंच मिटला, हवेवर. मानसिंग म्हणाला, "आज जास्त झालेली दिसतीय." मी म्हणालो, "थोडीच हाय."

दुपारी अक्षरं संपली. उरली शिरोरेघ. सोपाननं ब्रश बुडवला आणि सवयीनं डाव्या टोकाकडं निघाला, भिंतीला उजवा तळवा घासत. बांबूला बांधलेली फळी त्या टोकाला संपत होती. दोन पावलं उरली. मग एक.

"सोपान, थांब! फळी संपली!"

"व्हय रं, दिसतीया मला," तो वरून म्हणाला.

तो उजवीकडं बघत होता, अक्षरांकडं. डावा पाय उचललेला होता.