आधी गेट झालं

दुर्गजवळच्या जुनवानीतल्या आमच्या घराचं सगळ्यात आधी काही झालं असेल, तर गेट. भिंतींना ओल, मागच्या खोलीच्या छपराचे कवेलू फुटलेले, संडास अंगणाच्या पार टोकाला, आणि पुढे रस्त्यावर पुरुषभर उंचीचं लोखंडी गेट. त्याच्या दोन्ही बाजूंना कंपाउंडची भिंत नव्हती. नुसते दोन खांब आणि मध्ये गेट. गल्लीतल्या बकऱ्या खांबाला वळसा घालून आत यायच्या, आमच्या वाळूच्या ढिगावर बसायच्या आणि तशाच जायच्या. माझा नवरा मात्र काम संपवून स्टील प्लांटच्या क्वार्टरला परत निघताना गेटला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवायचा.

तो राग माझा अजून गेलेला नाही. जावा असंही मला वाटत नाही.

घर घेतलं ते माझ्या आईसाठी. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडे पुढे सगळे ते विसरले. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आई तुमसरजवळच्या गावी भावाकडे राहायची. अंगणात पडली, कमरेचं हाड मोडलं, नागपूरला ऑपरेशन झालं. काठी धरून चालायला लागली, पण उकिडवं बसणं कायमचं बंद झालं. भावाच्या घरी संडास परसात, तिथवर कोणीतरी धरून न्यायचं, बसवायचं, उठवायचं. भावजय करायची, कुरकुर न करता करायची. पण आईनेच त्यावर उपाय शोधला होता. ती पाणी प्यायची नाही. उन्हाळ्यात मी गेले तेव्हा तिचे ओठ फुटलेले पाहिले. विचारलं तर म्हणाली, तहानच लागत नाही.

आमचं क्वार्टर वरच्या मजल्यावर. जिना चढणं तिला शक्य नव्हतं, आणि खालचं क्वार्टर बदलून मागितलं तर नंबर लागेपर्यंत कोण थांबणार? म्हणून कर्ज काढून हे जुनं घर घेतलं. धड असलेलं घर आम्हाला परवडणार नव्हतं, तेव्हा मोडकं घेऊन दुरुस्त करायचं ठरलं. व्यवहार झाला त्या दिवशी नवरा मागच्या खोलीत उभा राहून म्हणाला, ही आईची खोली, आधी हिचंच काम. मी घरी येऊन कामांची क्रमवार यादी केली, मला तशी सवयच आहे. पहिलं, मागच्या खोलीचं छप्पर. दुसरं, खोलीला लागून बाथरूम आणि त्यात खुर्चीसारखा बसायचा संडास. तिसरं, उंबरठा काढून टाकणे. गेट त्या यादीत पार शेवटी होतं, रंगाच्याही नंतर.

पण काम करणार होती नवऱ्याच्या सेक्शनची मंडळी. प्लांटमधली ही रीत बाहेरच्यांना माहीत नसेल. कोणी घर घेतलं की सेक्शनमधले लोक आपल्या साप्ताहिक सुटीला येऊन हात लावतात, पैसे घेत नाहीत. घरच्या बाईने त्यांना जेवू घालायचं. ऐकायला फार छान वाटतं. पण यातला एकही गवंडी नव्हता. सगळे वेल्डर, फिटर, गॅस कटर. वीट कशी रचतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, लोखंडाचं मात्र सगळं ठाऊक होतं. त्यामुळे घरात जे लोखंडाचं नव्हतं, ते त्यांना दिसतच नव्हतं.

आधी गेट कशासाठी, तर म्हणे सिमेंटची पोती चोरीला जातील. बरं, एक साधं गेट करा. पण साधं केलं तर सेक्शनची इज्जत जाते. मग चौकट बदलली, मग गज पिळदार केले, मग वर कमान आली, कमानीवर किरणांचा सूर्य आला. लोखंड कबाड्याकडून रीतसर विकत घेतलेलं होतं, एवढं सांगते, नाहीतर वाचणाऱ्याच्या मनात भलतंच यायचं. आणि हे सगळं लोखंड ठेवायचं कुठे? मागच्या खोलीत. आईच्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत अँगल आणि चॅनल रचून ठेवलेले. मी मांडीवर पोळ्यांचा डबा आणि हातात वरणाचं पातेलं घेऊन क्वार्टरमधून रिक्षाने जायची, आणि ती मंडळी जेवता जेवता मला सूर्याचे किरण सरळ बरे की वळवलेले बरे हे विचारायची.

मी खोलीचा विषय काढला की त्यांच्यातला सगळ्यात मोठा, नवऱ्याचा वरिष्ठ, चार्जमन, हसून म्हणायचा, "भाभीजी, गेट बन जाने दो. फिर आपका कमरा यूँ हो जाएगा." आणि चुटकी वाजवायचा. ती चुटकी मला रात्रंदिवस ऐकू यायची.

मी नवऱ्याला म्हटलं, मी जवळच्या जामुलहून मिस्त्री आणते, पैसे देऊन काम करून घेऊ. तर तो दुखावला. सेक्शनच्या लोकांना काय वाटेल? फुकटात होतंय ना?

"तू कावून जीव खाऊन राहिली? काम चालू हाय ना," तो म्हणाला.

"काम गेटचं चालू आहे."

"गेट का घराचं नाही?"

मी दिवाळीपासून बोलत होते. होळी आली. उन्हं तापायला लागली आणि मला आईचे ते ओठ दिसायला लागले. मी बोलणं बंद केलं. मंडळींच्या सुटीचा दिवस पाहून, आदल्या दिवशी मी तुमसरला गेले आणि आईला घेऊन आले. नवऱ्याला विचारलं नाही. भावाला सांगितलं, घर तयार आहे. खोटं बोलले, आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

दुर्ग स्टेशनवरून ऑटो केली. आम्ही पोहोचलो तेव्हा वेल्डिंग जोरात चालू होतं, ठिणग्या उडत होत्या. ऑटोवाला गेटपुढे थांबून हॉर्न वाजवायला लागला. मी म्हटलं, बाजूने घे. आईला ओसरीवर खुर्चीत बसवलं. तिने पदर सावरला, कमानीकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं, मग जावयाला जवळ बोलावलं. त्याने हातातलं खाली ठेवलं, वाकून नमस्कार केला.

"जवाईबापू, दरवाजा तं लय मोठा केला तुमी. राजाच्या घरासारका," आई म्हणाली. "आता मले एवढं सांगा, मी हागाले कुठी जाऊ?"

वेल्डिंग थांबलं. मंडळीतल्या एकाला मराठी येत नव्हतं, त्याने शेजारच्याला विचारलं, माताजी क्या बोलीं. शेजारच्याने खाली मान घालून त्याच्या कानात सांगितलं. चुटकीवाल्या चार्जमनने काळा चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, वेल्डिंग बंद असताना.

नवऱ्याने मला आत नेलं. दात आवळून म्हणाला, चार माणसांत माझी लाज काढली, निदान सांगून तरी आणायचं.

"सांगून झालं," मी म्हटलं. "आता आणून दाखवली."

मग त्या मंडळींनी काय केलं? घरातली एक लोखंडी खुर्ची घेतली, तिची बैठक गोल कापली, कडा घासून गुळगुळीत केल्या, दोन्ही बाजूंना धरायला पाइप जोडले आणि खाली बादली बसेल अशी सोय केली. मग मागच्या खोलीतलं सगळं लोखंड अंगणात आणून टाकलं. जेवायच्या आत झालं. सगळ्यांना वाटलं, आता वहिनी खूश होतील. मी तर आणखीच पेटले. म्हणजे हे होण्यासारखं होतं. इतके महिने, एका सकाळीत होण्यासारखं होतं, आणि माझी आई तिकडे तहान मारत बसली होती. मी स्टोव्हवर वरणभात टाकून त्यांना वाढलं. चार्जमन दोनदा म्हणाला, भाभीजी, कुछ बोलिए. मी भात वाढला.

दुसऱ्याच दिवशी जामुलचा मिस्त्री आला. पैसे मी दिले, काम मी सांगितलं, नवरा ड्यूटीवर गेला की मी मिस्त्रीपाशी हजर. क्वार्टरमधला संसार मी तात्पुरता अर्धा तिकडे हलवला होता. आई पुढच्या खोलीत, खुर्चीवर बसायच्या वेळी मी चादर धरून उभी, बादली मी उचलायची. ती दर वेळी तोंड दुसरीकडे करायची. लेकीकडून हे करून घेणं तिला सुनेपेक्षाही जड गेलं, हे मला तेव्हा कळलं. आपल्या घरी आणलं म्हणजे झालं, असं मी धरून चालले होते.

पाऊस लागायच्या थोडं आधी खोली झाली. छप्पर, बाथरूम, बसायचा संडास, बिनउंबरठ्याचं दार. सिमेंट पुरतं वाळल्याचं मिस्त्रीने सांगितलं त्या सकाळी मी आईला धरून तिथपर्यंत नेलं आणि सवयीने बरोबर आत शिरायला लागले. तिने काठीनेच मला थांबवलं.

"तू कावून येऊन राहिली? जाय, चहा मांड."

आत गेली आणि कडी लावली. मी तिथून हलले. चहा मांडला. नवरा फर्स्ट शिफ्टला गेला नव्हता, ओसरीवर पेपर वाचत होता. आईला आणलं त्या दिवसापासून मी त्याच्याशी कामापुरतंच बोलत होते. पेपरवरून मान वर न करता त्याने विचारलं, झालं का आता सगळं नीट?

"खोली नीट झाली," मी म्हटलं, आणि आईचा कप वेगळा काढून झाकून ठेवला.