चिन्नाचा दुधाचा दात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आणि मी एखादी गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही, यावर इकडे तमिळ मुलखात, आवडी गावातल्या आमच्या क्वार्टर्समध्ये कुणी विश्वास ठेवणार नाही. आमचा बैल शिंकला आणि गुम्मिडिपूंडीची गाडी सिग्नलआधीच थांबली, हे मीच पसरवलेलं. दोघांनी तर मानलंही! पण हे – हे मात्र पोटात ठेवलं. का? सांगतो. जरा दम धरा, अजून जीभ वळत नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, सांगोल्याकडून इथल्या कारखान्यात नोकरीला आले. तमिळ शिकले, रसम-भात शिकले, पण बैल विसरले नाहीत. रिटायर झाले आणि गुम्मिडिपूंडीच्या पलीकडे जमिनीचा तुकडा घेऊन गावाकडच्या खिलार गाई आणल्या. दुधासाठी नव्हे. खिलार दूध देते ते वासराचं तोंड ओलं होण्यापुरतं. अंगापिंडाचे खोंड वाढवायचे आणि प्रदर्शनात उतरवायचे, हा नाद.

मी थोरला. आबांच्याच कारखान्यात लागलो, सुट्टी आली की गोठ्यात हजर. मी उपसलेलं शेण एकावर एक रचलं असतं तर परंगिमलैएवढा दुसरा डोंगर झाला असता. आबा काय म्हणायचे? "तो कोपरा राहिला बघ."

धाकटा वशा सिरुसेरीत कंपनीत. गाईच्या कुठल्या बाजूला उभं राहावं हेही त्याला ठाऊक नव्हतं. मग सगळ्यांचं काम घरून सुरू झालं, आणि हा पठ्ठ्या लॅपटॉप घेऊन बायको-मुलीसकट शेतावरच राहायला आला. त्याच दिवसांत चिन्ना जन्मला. नाव वशाच्या लेकीनं, मीनूनं ठेवलं. चिन्ना म्हणजे छोटू, आणि हा छोटू बघता बघता दारात मावेना. वशानं त्याला चोळलं, चालवलं, मीटिंगमध्ये बोलता बोलता मांडीवर त्याचं तोंड घेऊन बसला. आणि एक दिवस आबा माझ्यादेखत म्हणाले, "हात आहे पोराचा."

एवढंच. पण मी – आयुष्यभर ज्या शब्दांची वाट पाहिली, ते शब्द शेजारच्या पानात वाढलेले पाहिलेत कधी तुम्ही? मी पाहिले. आणि वर हसून "तर काय!" म्हणालो.

तिरुवळ्ळूरकडे एका देवळाच्या जत्रेत जनावरांचं प्रदर्शन भरतं. तिथे गट दातांवरून पडतात. सगळे दुधाचे दात शाबूत असले तर खोंड आदत. एक जरी पडला तरी वरच्या गटात, थोराड बैलांशी गाठ. आदत गटात चिन्नाला तोड नव्हती. वशानं जाहीर करून टाकलं होतं, "पहिला आला की रिंगणात फेरी आबा मारणार. दोर त्यांच्या हातात." आबांनी सांगोल्याहून फेटा मागवला. गुडघे गेले होते त्यांचे. पुढच्या वर्षी चालता येईल का, हे तेही बोलत नव्हते, आम्हीही नाही.

आदल्या संध्याकाळी वशा टेम्पोवाल्याशी बोलायला गेला. जाताना म्हणाला, "दादा, तेवढे दात बघून ठेव. तुझी नजर पक्की."

मी चिन्नाचा खालचा ओठ ओढला. मधला एक दात हलत होता. किंचित. जपलं असतं तर आठवडाभर सहज टिकला असता – हे मला कळत होतं, नीट कळत होतं. अंगठा टेकवला. तो लगेच मागे घ्यायला हवा होता, नाही का? मी दाबला. मग पुढे-मागे केला. बोटांत धरून पिरगाळला.

थोडं रक्त आलं. चिन्नानं मान हलवली आणि माझंच मनगट चाटलं, घामाच्या मिठासाठी. दात मी मोरीत टाकला आणि वर पाणी ओतलं. वशा परतला तेव्हा म्हणालो, "सगळे शाबूत."

दुसऱ्या दिवशी पंच असलेल्या डॉक्टरांनी ओठ खाली केला आणि म्हणाले, "पल् विळुंदिडुच्चु, सार." दात पडलाय. चिन्ना वरच्या गटात गेला. त्या धिप्पाड बैलांत तो खरंच छोटू दिसला. शेवटून पहिला.

आबा फेट्याची पिशवी छातीशी धरून उभे होते. "काल काय घातलंस रे याला?"

वशा चाचरला. "ऊस… दोन कांड्या. आवडीनं खात होता, आबा."

"ऊस? प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी? माती केलीस की रे सगळ्याची!"

तेव्हा बोलायचं होतं. तोंड उघडलंही मी. आणि काय बोललो? "आबा, ऊस कसला, पहार चारली यानं पहार!" भोवतीचे सगळे हसले. मीनूही हसली. वशा खाली बघत राहिला.

तो किस्सा मी पुढे किती ठिकाणी रंगवला! मंडळाच्या गणपतीत, लग्नात, बारशात. दर वेळी ऊस जाड होत गेला. हल्ली तो विजेच्या खांबाएवढा झालाय. खोट्यावर लोक असे हसू लागले की ते खोटं राहत नाही – किस्सा होतो. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

वशानं पुन्हा खोंड वाढवला नाही. चिन्नाला सांगोल्याला पाठवलं आणि स्वतः सिरुसेरीला परत गेला. पुढच्या पावसाळ्यात आबा गेले. फेटा घडी न मोडलेला.

परवा मीनूनं विचारलं, "पेरिप्पा, अप्पानं खरंच ऊस घातला होता?" मोठ्या काकाला इथे पेरिप्पाच म्हणतात, आणि बापाला अप्पा. मी दोन्ही हात फाकवले आणि म्हणालो, "हो गं, एवढा!" वशा समोरच होता. तोही हसला. अलीकडे तो स्वतःच सांगतो, आपल्यामुळे आबांची फेरी हुकली म्हणून.

त्या दिवशी आदत गटात पहिला आलेला खोंड मी अगदी जवळून पाहिला होता. चिन्नापुढे तो काहीच नव्हता. यात माझ्या पदरची एका अक्षराचीही भर नाही.